विहीर तलावात कशी गेली?

चांगली दगडांनी बांधलेली विहीर उचलून तलावाच्या मधोमध जाऊन बसल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय? आमच्याकडे ती जाऊन बसली. तीही भर दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात, पंचवीस मुलांच्या देखत.

झाले असे. आमच्या महाविद्यालयातील आम्ही तिघे जण एका गावात नववी-दहावीच्या मुलांसाठी चार दिवसांचे शिबिर घेत होतो. जीपीएसने जागा कशी ठरवायची, संगणकावर नकाशा कसा तयार करायचा आणि उपग्रहाने घेतलेले चित्र कसे वाचायचे, हे मुलांनी स्वतःच्या हातांनी करून पाहावे असा बेत होता. विषय मुद्दाम गावचाच घेतला होता. गावाला १९७२ च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला विहिरी आहेत. तलावाचे पाणी कोणत्या विहिरीला किती पोचते हे पाहायचे, तर आधी विहिरी नकाशावर हव्यात. मुलांच्या तीन तुकड्या सहा विहिरींवर गेल्या आणि मोबाईलवर दिसलेले अक्षांश-रेखांश वहीत टिपून घेऊन आल्या. भिंतीवर भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा लावलेला होता. त्यावर बिंदू मांडायला सुरुवात झाली, आणि पहिलीच विहीर निळ्या रंगात, म्हणजे थेट तलावाच्या पाण्यात उतरली.

मुले हसली. एका मुलीने मात्र विचारले, "सर, खोटं कोण बोलतंय? मोबाईल की नकाशा?"

प्रश्न लाखमोलाचा होता, आणि खरे सांगायचे तर त्याचे उत्तर आम्हालाही लगेच सुचले नाही. ते सापडायला दुसरा दिवस उजाडावा लागला. तोपर्यंत आपणही मोबाईलला आपली जागा मुळात कळते कशी, ते पाहू.

दोऱ्यांचा खेळ

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद तुम्ही मोजले असतील. तीन सेकंद लागले की वीज सुमारे एक किलोमीटरवर पडली, असा हिशेब आपण करतो. जीपीएसमध्ये हाच हिशेब चालतो; फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहरी असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. अमेरिकेने या मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर निदान चोवीस उपग्रह फिरते राहतील अशी तिची योजना आहे. प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो, 'मी आता अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे.' डोक्यावरच्या उपग्रहाचा हा निरोप आपल्यापर्यंत यायला सुमारे ०.०६७ सेकंद लागतात. निरोप निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतील फरकाला वेगाने गुणले की अंतर मिळाले.

एक गोष्ट ध्यानात घ्या. मोबाईल उपग्रहाला काहीही विचारत नाही. तो नुसता ऐकतो. आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओसारखाच. म्हणून 'उपग्रह माझ्यावर नजर ठेवतो' ही समजूत, निदान जीपीएसच्या बाबतीत, खरी नाही.

आता मैदानावर चला. तीन खुंट्या एकमेकींपासून दूर, त्रिकोणात ठोका. मित्राला त्रिकोणाच्या आत कोठेतरी उभे करा आणि प्रत्येक खुंटीपासून त्याच्यापर्यंत पुरेल तेवढी दोरी कापा. मग मित्राला बाजूला काढून नुसत्या दोऱ्यांवरून त्याची जागा शोधा. एक दोरी ताणली तर एक वर्तुळ मिळते; मित्र त्यावर कोठेही असू शकेल. दुसऱ्या दोरीने दोनच जागा उरतात. तिसरी दोरी त्यांतली एक पक्की करते.

आता थोडी लबाडी करा. प्रत्येक दोरी खऱ्यापेक्षा अर्धा मीटर जास्त लांब कापा, पण शोधणाऱ्याला ते सांगू नका. तिन्ही दोऱ्यांची टोके एका बिंदूत धरली तर दोऱ्या सैल पडतात. ताणल्या तर टोके जुळत नाहीत. उपाय एकच. तिन्ही दोऱ्या सारख्याच मापाने आखडत न्या. एक वेळ अशी येते की तिन्ही दोऱ्या ताठ असतात आणि टोकेही एकत्र येतात. मित्राची जागा सापडली, आणि शिवाय दोरी किती लांब कापली गेली होती तेही कळले!

ही लांब दोरी म्हणजे मोबाईलमधले स्वस्त घड्याळ. ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. पण ती सर्व उपग्रहांच्या बाबतीत सारखीच असल्यामुळे दोऱ्यांप्रमाणे शोधून काढता येते. जमिनीवर तीन दोऱ्या पुरल्या, कारण लांबी आणि रुंदी या दोन दिशा आणि तिसरी घड्याळाची चूक अशा तीनच गोष्टी अज्ञात होत्या. खऱ्या जगात उंचीही हवी, म्हणून निदान चार उपग्रह लागतात. तीन अज्ञातांना तीन समीकरणे, चारांना चार. बीजगणिताच्या तासाला हे कशासाठी शिकायचे असे वाटत असेल तर ते यासाठी.

उपग्रहांवरची घड्याळे मात्र स्वस्त चालत नाहीत. ती आण्विक घड्याळे असतात, आणि त्यांना आइन्स्टाइनचाही हिशेब द्यावा लागतो. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने ती रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. वजाबाकी करून रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. म्हणून ती घड्याळे जमिनीवरच असताना तेवढी मंद लावून ठेवतात. आपल्या नाविक मालिकेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला, तेव्हा त्यावरील आण्विक घड्याळे परदेशी होती आणि पुढे ती बंद पडली. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या उपग्रहावर प्रथमच भारतात बनवलेले रुबिडियमचे घड्याळ बसवले होते. घड्याळ बनवणे ही किती अवघड विद्या आहे, हे यावरून दिसते.

विखुरणारी चूक

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना एक कंटाळवाणे काम दिले. कंटाळवाणे म्हणूनच ते तुम्हीही करा. मोकळ्या मैदानात एक खिळा ठोका. अक्षांश-रेखांशांचे आकडे दाखवणारे एखादे ॲप मोबाईलवर घ्या. नकाशावरचा निळा ठिपका उपयोगाचा नाही. दर अर्ध्या तासाने खिळ्यावर मोबाईल ठेवून आकडे टिपा. दोन दिवसांत वीस वाचने होतील. लागोपाठ एका मिनिटात वीस घेऊ नका, कारण तेव्हा आकाशातले उपग्रह जवळजवळ तेच असतात आणि वाचनेही एकमेकांची री ओढतात.

आता आलेख कागद घ्या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांशचिन्हानंतरच्या पाचव्या स्थानातील एक म्हणजे १.१ मीटर. रेखांशाचे अंतर ध्रुवांकडे कमी होत जाते, पण आपल्या महाराष्ट्रात पाचव्या स्थानातील एक म्हणजे एक मीटरहून किंचित जास्त धरले तरी चालेल. एका सेंटीमीटरला एक मीटर घेऊन वीसही बिंदू मांडा.

खिळा एकच, पण बिंदू वीस, आणि सगळे वेगवेगळ्या जागी! आमच्या मुलांचे निम्मे बिंदू तीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात आले आणि सर्वांत लांबचा नऊ मीटरांवर गेला. मोबाईल तर अक्षांश सहा दशांशस्थळांपर्यंत दाखवत होता. सहावे स्थळ म्हणजे अकरा सेंटीमीटर. लाकडी मीटरपट्टीने केसाची जाडी सांगावी, तसाच हा प्रकार. आकड्यांची रांग लांब असली म्हणजे मोजमाप अचूक असते असे नाही, आणि ही गोष्ट फळ्यावर शंभरदा लिहूनही पटत नाही. वीस बिंदू मांडले की पटते.

हे बिंदू पसरतात कशाने? वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, लहरींना उशीर होतो आणि तो दिवसभर बदलत असतो. उपग्रह कधी आकाशात छान विखुरलेले असतात, तर कधी एकाच बाजूला गोळा झालेले. पूर्वी तर अमेरिका हे संदेश नागरिकांसाठी मुद्दाम बिघडवून देत असे आणि शंभर मीटरांची चूक होत असे. २ मे २००० रोजी तो प्रकार बंद झाला. उरलेली चूक विखुरणारी आहे. वीस वाचनांची सरासरी काढली की ती बरीच कमी होते.

ढकलणारी चूक

एका तुकडीने आगाऊपणा करून दुसरा खिळा शाळेच्या दुमजली भिंतीला लागून ठोकला होता. (शिबिरात आगाऊ मुले नसती तर आम्ही काय शिकलो असतो कोण जाणे!) त्यांचे बिंदूही पसरले होते, पण सारा पुंजका रस्त्याच्या बाजूला सरकलेला होता. भिंतीने अर्धे आकाश झाकले होते आणि भिंतीवर आपटून आलेल्या लहरी लांबचा रस्ता घेऊन मोबाईलपर्यंत पोचत होत्या. येथे सरासरी काढून काय मिळाले? सरकलेल्या जागेचा मध्य!

हे पाहताच आम्हाला विहिरीची आठवण झाली. भिंतीवरचा नकाशा पुन्हा उघडला. सहाही विहिरींच्या खऱ्या जागा गावकऱ्यांना विचारून पेन्सिलीने दाखवल्या आणि मोबाईलचे बिंदू त्यांच्याशी ताडून पाहिले. एकही विहीर इकडे आणि दुसरी तिकडे, असे नव्हते. सगळ्याच वायव्येला सरकल्या होत्या, आणि साऱ्या सारख्याच अंतराने: नकाशावर जेमतेम अडीच मिलिमीटर. नकाशा एक सेंटीमीटरला पाचशे मीटर या प्रमाणाचा होता. म्हणजे जमिनीवर सुमारे सव्वाशे मीटर. अशी शिस्तीत झालेली चूक यंत्राच्या थरथरण्याने होत नाही. कोणीतरी सगळा नकाशाच ढकलला होता.

कोणी? त्यासाठी दोनशे वर्षे मागे जायला हवे. १८०२ साली विल्यम लॅम्टन यांनी मद्रासजवळ साखळीने एक आधाररेषा मोजून भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. एक बाजू आणि कोन माहीत असले की त्रिकोण सुटतो. त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, त्यावर तिसरा, असे करत हे काम उत्तरेकडे सरकले. लॅम्टन १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे कामावर असतानाच वारले. त्यांची कबर तेथे आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी या मोजमापांवरून १८३० साली पृथ्वीचा आकार ठरवला. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे चपटी आहे. ती किती मोठी आणि किती चपटी मानायची, ते आधी ठरवल्याशिवाय कोणत्याही जागेचे अक्षांश-रेखांश सांगताच येत नाहीत. एव्हरेस्ट यांचा आकार भारताच्या भूमीला उत्तम बसत होता, पण त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्याशी जुळत नव्हता. त्याने काही बिघडलेही नाही, कारण सारे नकाशे त्याच आकारावर काढले होते.

उपग्रह मात्र पृथ्वीच्या खऱ्या मध्याभोवती फिरतात. त्यांच्यासाठी डब्ल्यूजीएस-८४ नावाचा दुसरा आकार मानला जातो. एकाच विहिरीला दोन आकारांवर दोन वेगळे अक्षांश-रेखांश मिळतात. आमचा नकाशा एव्हरेस्टचा, मोबाईल डब्ल्यूजीएस-८४ चा. खोटे कोणीच बोलत नव्हते. दोघांच्या भाषा वेगळ्या होत्या आणि दुभाष्याचे काम करायला हवे होते ते आम्ही शिक्षक विसरलो होतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत, पण शाळांच्या कपाटांत अजून जुनेच सापडतात. नकाशाच्या कडेचा बारीक मजकूर आधी वाचा.

संगणकावर हे काम सोपे आहे. क्यूजीआयएस नावाची आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्यात प्रत्येक नकाशा म्हणजे जणू पारदर्शक कागद; एकावर एक ठेवता येतात. जुन्या नकाशाचे चित्र आत घेताना 'हा एव्हरेस्टच्या आकारावर आहे' एवढे सांगितले की आज्ञावली हिशेब करते. आमच्या सहाही विहिरी एका क्षणात आपापल्या जागी, तलावाच्या भिंतीखाली, येऊन उभ्या राहिल्या.

तांबडी शेते, काळे पाणी

तिसऱ्या कागदावर उपग्रहाचे चित्र ठेवायचे होते. यालाच सुदूर संवेदन म्हणतात: वस्तूला हात न लावता, तिच्यापासून आलेल्या किरणांवरून तिची माहिती काढणे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारे जवळचे अवरक्त किरण मात्र भरपूर परत पाठवते. पाण्याचे उलटे आहे. अवरक्त किरण ते जवळजवळ गिळूनच टाकते. म्हणून अवरक्त किरणांना चित्रात तांबडा रंग दिला की पिके तांबडीलाल दिसतात आणि स्वच्छ पाणी काळे. हे रंग खोटे असतात, पण फार उपयोगाचे.

आपल्या देशात या विद्येची सुरुवात नारळाच्या झाडांपासून झाली. केरळात नारळांवर मूळकुजव्या रोग पडला होता. पिशारोथ राम पिशारोटी यांनी १९७० साली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली आणि रोगट झाडे निरोगी झाडांहून वेगळ्या रंगात उठून दिसली. हेच पिशारोटी पुण्यातील उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे पहिले संचालक होते. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आपला पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेला. आज इस्रोच्या 'भुवन' वर घरबसल्या अशी चित्रे पाहता येतात, आणि युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. शिक्षकांना सांगायचे म्हणजे, देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरशिक्षणाचे वर्गही घेते.

सेंटिनेल-२ च्या चित्रातील सर्वांत लहान चौकट दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असते. म्हणजे शंभर चौरस मीटर. आणि आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा! चौकटी मोजा की गुंठे मिळाले. एवढी सोयीची गोष्ट क्वचितच जुळून येते. मुलांनी ऑक्टोबरच्या आणि मे महिन्याच्या चित्रांतील तलावाच्या काळ्या चौकटी मोजल्या आणि उन्हाळ्यात पाणी किती गुंठ्यांवर आले ते सांगितले. मे मधील तलावाच्या वरच्या टोकाला मात्र तांबड्या चौकटींचा पट्टा होता. 'तलावाच्या पोटात कोणीतरी उन्हाळी पीक घेतले आहे,' असा निकाल एका तुकडीने देऊनही टाकला.

आम्ही म्हटले, चला बघू. दीड किलोमीटर उन्हातून चालत गेल्यावर तेथे पीक नव्हते. बेशरमाचे रान माजले होते आणि त्याच्या बुडाशी गुडघाभर पाणी होते. म्हणजे तो पट्टा पीक म्हणून चुकलाच, शिवाय पाण्याच्या हिशेबातूनही निसटला. उपग्रहाने आपले काम चोख केले होते: 'येथे हिरवी पाने आहेत' एवढेच त्याने सांगितले होते. कोणती पाने, ते पायांनी जाऊन पाहायचे असते.

बांधाचा प्रश्न

शेवटच्या दिवशी, तलावात गेलेल्या त्या विहिरीचे मालक शाळेत आले. हातात घडी केलेला सातबारा होता. म्हणाले, "सर, पोरांना एवढं शिकवलंत, तर माझा बांध तेवढा मोजून द्या की. शेजारी दोन हात आत आलाय. तुमच्या यंत्रात दिसेलच."

दोन हात म्हणजे एक मीटरही नाही. आम्ही तोंडी काहीच सांगितले नाही. तीन मुलांना त्यांच्या बांधावरून मोबाईल घेऊन एकामागून एक चालायला लावले आणि तिघांच्या वाटा संगणकावर काढून दाखवल्या. बांध एक, रेषा तीन. कोठे एकमेकींना छेदणाऱ्या, कोठे चार-चार मीटर अंतरावर.

"यातली खरी कुठली?" त्यांनी विचारले.

"एकही नाही," ती प्रश्न विचारणारी मुलगीच म्हणाली. मग तिने फळ्यावर हिशेब करून दाखवला. बांध शंभर मीटर लांब. रेषा तीन मीटरांनी चुकली तर तीनशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे इकडचे तिकडे. दोन हातांच्या भांडणात तीन गुंठ्यांची चूक घालून आम्ही गावातून निघून गेलो असतो, आणि दोन्ही घरांच्या हातात यंत्राचा दाखला राहिला असता.

अशा कामाला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच हवी. भूकरमापक आता रोव्हर नावाचे यंत्र आणतात. तेही उपग्रहांचेच ऐकते, पण त्याला आणखी एक मदत असते. ज्याची जागा सेंटीमीटरपर्यंत ठाऊक आहे असे एक कायमचे केंद्र उपग्रहांचे संदेश ऐकत असते आणि आपल्या माहीत असलेल्या जागेशी ताडून या क्षणी किती चूक होते आहे ते काढते. आसपासच्या यंत्रांवरही आयनांबर जवळपास तोच परिणाम करत असल्याने तेवढी चूक त्यांच्या वाचनातून वजा करता येते. मग काही सेंटीमीटरपर्यंत जागा कळते. तुमच्या खिळ्याच्या वीस बिंदूंचीच ही मोठी बहीण.

काकांनी सातबारा परत खिशात ठेवला. "बरं, ते तालुक्याला बघतो," ते म्हणाले. "माझी विहीर तरी पाण्याबाहेर निघाली ना?"

मुलीने छापलेला नकाशा पुढे केला. विहीर क्रमांक एक, तलावाच्या भिंतीखाली; खोली आणि त्या दिवसाची पाण्याची पातळी बाजूला लिहिलेली. कोपऱ्यात पेनाने तिने एक ओळ घातली होती: जागेत पाच मीटरांपर्यंत चूक असू शकते, बांधासाठी वापरू नये.